घोडीच्या पायाखालची पाचर

आबा, आज मंगळवार, लाइट सकाळपासून गेलेली आहे. गॅरेजचं शटर अर्धं ओढून तुमच्याच बाकावर वही घेऊन बसलोय. तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं मला फारसं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. भांडावंसं मात्र पुष्कळदा वाटलं. आजही भांडायलाच बसलोय. तुम्ही मला एक गोष्ट कधी सांगितली नाहीत, आणि त्यापायी एका भल्या माणसाचं काम गेलं, नाव गेलं.

कळंबच्या अंगाला, जिथं तुमच्या वेळी नाचणीची वरकस जमीन होती, तिथं आता एकानं मातीचा ट्रॅक काढलाय. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, दगडाधोंड्यांतून मोटरसायकली उडवतात, आपटतात आणि वर खूश होऊन परत जातात. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच. त्या मालकाच्या सहाही गाड्या माझ्याकडे दुरुस्तीला असतात. खरं सांगायचं तर माझ्याकडे आता दुसरं फारसं काही येतच नाही. त्या सहा गेल्या की आपलं हे शटर कायमचं खाली. त्यांतली सगळ्यात मोठी गाडी चालवायचा गाइड. डोंगरावरच्या वाडीतला, पस्तिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. पुढे तो, मागे पाहुण्यांची रांग. डोंगरातली एकूण एक पायवाट त्याला पाठ, आणि गाडीला कधी कारण नसताना ओरडू देणार नाही असा हात.

यंदाच घेतलेली ती मोठी गाडी तेल पिऊ लागली. निदान मला तसं दिसलं. या गाड्यांना सरळ उभं करणारा जोडस्टँड नसतो. म्हणून इंजिनाखाली लोखंडी घोडी सरकवून गाडी तिच्यावर चढवायची. मग इंजिनाच्या उजव्या अंगाला काचेची छोटी खिडकी असते तिच्यात बघायचं. दोन रेघा, तेल त्यांच्यामध्ये हवं. दर आठवड्याला गाडी आली की तेल खालच्या रेघेच्याही खाली. मी भरायचो. पुढच्या आठवड्याला परत तेच. चालू करताना निळा धूर, प्लगवर काळा चिकटा. बाकीच्या पाच लहान गाड्यांचं तेल मी मापानं भरतो, म्हणून त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती.

मी सगळं केलं, आबा. खाली पुठ्ठा अंथरून रात्रभर ठेवला, एक थेंब पडला नाही. हवेचा फिल्टर काढला तर तो तेलानं निथळत होता. या फिल्टरच्या स्पंजाला धूळ अडवायला थोडं तेल लावायचंच असतं, आणि ते लावायचं काम गाइडचं. मी त्याला बोलावून झापलं. "अरे, फिल्टरला तेल लावतोस का अभिषेक करतोस?" तो स्पंज हातात घेऊन बघत राहिला. म्हणाला, "मी बोटाला लागंल इतकंच लावतो. तुमीच दाखवलंत ना तसं. हे येवढं तेल मी नाय लावलं." मी म्हटलं, "मग काय आभाळातून पडलं?" तिथंच मी थांबायला हवं होतं. तेल त्यानं लावलं नाही तर ते आलं कुठून, एवढा साधा प्रश्न होता. पण तो चालवणारा, मी मिस्त्री. मी त्याचं कशाला ऐकू?

पुढे मी इंजिनचा वरचा भाग उघडला. पिस्टनच्या रिंगा बघितल्या, सिलिंडरवर बोट फिरवलं, एक ओरखडा नाही. तरी रिंगा बदलल्या, वॉल्व्हचे सील बदलले. आठवड्यानं गाडी आली, खिडकी परत रिकामी. मालक फोनवर म्हणाला, "बॉस, एवढं सगळं नवीन टाकलं, मग तेल जातं कुठं?" मला उत्तर येत नाही हे त्या माणसाला सांगितलं तर तो गाड्या उचलून पनवेलला नेईल, हे डोळ्यांसमोर होतं. मी म्हणालो, "गाडीत दोष नाही. आता माणूस बघा." एवढंच बोललो. पुढचं त्यानंच जुळवलं. गाइडची वाडीत स्वतःची एक जुनी मोटरसायकल आहे, तेव्हा हा इथलं तेल काढून तिच्यात घालतो. मी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं.

त्याच शनिवारी गाडी पोचवायला मी स्वतः कळंबला गेलो. तिथं पाहुण्यांच्या गाड्यांसाठी फरशी घातलेली सपाट जागा आहे. मालकाला दाखवावं म्हणून गाडी घोडीवर चढवली आणि खिडकीत वाकून बघितलं. खिडकी गळ्यापर्यंत भरलेली. वरची रेघसुद्धा तेलात बुडालेली. सकाळीच आपल्या गॅरेजात मी त्या खिडकीत बघून अर्ध्यावर तेल आणलं होतं. मालक फोनवर बोलत पलीकडे उभा होता. मी गाडी खाली उतरवली आणि त्याला म्हटलं, एक आवाज येतोय, परत नेतो.

गॅरेजात आलो, शेजारच्या गवंड्याची लेव्हलपट्टी मागून आणली आणि जमिनीवर ठेवली. बुडबुडा पार एका टोकाला जाऊन बसला. तुम्हीच घातलेली जमीन, आबा. एका पावसात पाणी आत तुंबलं म्हणून तुम्ही रस्त्याच्या बाजूला भरपूर उतार दिलात. सांडलेला चहा रस्त्याकडे जातो, सुटलेला नट रस्त्याकडे जातो, हे मी जन्मभर बघत आलो. पण घोडीवरची गाडीही त्या जमिनीबरोबर रस्त्याकडे कलते, तेल रस्त्याकडच्या डाव्या अंगाला उतरतं आणि उजवीकडची खिडकी रिकामी दिसते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. गाडी तेल पीत नव्हतीच. मीच तिला बळंबळं पाजत होतो. जास्तीचं तेल ती नळीवाटे फिल्टरमध्ये ओकत होती, जाळत होती आणि पातळी होती तिथं परत येत होती. मग मी पुन्हा वाकून बघत होतो आणि पुन्हा ओतत होतो.

मग ती पाचर आठवली. हातभर लांबीची सागवानी पट्टी, एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ. घोडीच्या रस्त्याकडच्या पायांखाली ती नेहमी असायची. एकदा मी ती दार अडवायला घेतली तेव्हा तुम्ही हातातला पाना आपटलात. "त्या पाचरीला हात लावायचा नाय, सांगून ठेवतो!" लाकडाच्या तुकड्यावरून एवढा तमाशा. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मोटरसायकली तपासायच्या विभागात माझी निवड झाली होती, महिन्याभरात निघायचं होतं. त्याच आठवड्यात तुमचं उजवं अंग गेलं. तुम्ही 'थांब' म्हणाला नाहीत. डाव्या हातानं उशीखालून शटरची चावी काढून माझ्या पुढ्यात ठेवलीत. आणि दिवाळीला आईकडून नव्या पान्यांचा संच आणवून मला भेट दिलीत. लोकांना बापाकडून घड्याळ मिळतं. मला त्या पान्यांचा राग यायचा, अजून येतो, आणि रोज तेच वापरतो. तुम्ही गेल्यावर पहिल्याच थंडीत मी ती पाचर आंघोळीच्या बंबात घातली. जळताना बरं वाटलं होतं.

आता नवी कापलीय. जास्तीचं तेल काढून टाकलं. तीन आठवडे झाले, गाडी थेंबभर तेल खात नाही. आणि मालक काय म्हणतो माहितीये? "बघा, माणूस बदलला आणि तेल थांबलं! तुमचं निदान एकदम बरोबर." मी हसलो, आबा. चक्क हसलो.

काल गाइड आला होता. हातात करवंदांचा द्रोण. आत नाही आला, उंबऱ्याशीच उभा राहिला. म्हणाला, "तुमचं ऐकंल मालक. काम नाय दिलं तरी चालंल. पण तेल मी नाय काढलं, येवढं सांगा त्याला. वाडीत सगळी इचारत्यात, चोरीवरनं काढला का रं तुला. आमची गाडी तर दोन पावसाळं झालं उभीच हाय, तिला तेल कशाला घालू?" त्याच्यापासून हातभरावर घोडी होती आणि तिच्याखाली नवी पिवळी पाचर. मी म्हटलं, "बघतो." तो म्हणाला, "शुक्रवारी येतो मग." त्याला माझा भरवसा वाटतो. करवंदं तशीच पडली आहेत.

खरं सांगितलं तर गाड्या जातील आणि गॅरेज बंद होईल. हेच तर मी एकवीस वर्षं मागत होतो. ज्या शटरला रोज सकाळी शिव्या दिल्या, तेच वाचवायला मी एका माणसाची अब्रू दिली. मला इथं राहायचं नाही आणि इथून सुटायची भीती वाटते.

तुमच्याशी भांडायचं म्हणून बसलो, पण एक राहिलं. वर लिहिलंय की तुम्ही कधी सांगितलं नाहीत. ते खोटं आहे. त्या दिवशी ओरडून झाल्यावर तुम्ही मला शेजारी उकिडवं बसवलंत, घोडीच्या पायाशी बोट नेलंत आणि सावकाश म्हणालात, "जमीन उतरती हाय रं आपली. घोडी सरळ नसली तर तेल खोटं दिसतं. ध्यानात ठेव." मी 'हो' म्हटलं. खिशात पुण्याचं पत्र होतं, इथलं काही आपल्याला परत लागायचं नाही अशी खात्री होती. पुढे मी तुमच्यावरच ढकलत आलो, तुम्ही काही उलट बोलत नाही म्हणून. तो मात्र शुक्रवारी दारात उभा राहणार आहे. चूक माझी आहे, हे एकदा कुठंतरी लिहून बघायचं होतं, ते लिहून झालं. मालकाचा नंबरही काढून ठेवला होता, पण फोन अजून बाकावर पालथाच आहे.