पाचटाखालची ऊब

११ नोव्हेंबर, सकाळी
शुभारंभ. पुतण्या रविराजच्या वराहपालन शेडवरून डुकरांच्या लेंडाची अख्खी ट्रॉली परसात ओतून घेतली. संक्रांतीपर्यंत काळंभोर खत तयार. हिचा मोगरा दोन वर्षं रुसलाय, त्याला घालायचं. हिला सरप्राइज. रविराज म्हणाला, तात्या, यात उसाचं पाचट, म्हणजे वाळला पाला, मिसळा आणि दर आठवड्याला ढीग खालीवर करा. ज्यानं तीस वर्षं वर्गात निसर्गकविता शिकवल्या त्याला हा शिकवणार! रानात पानं कोण खालीवर करतं?

१४ नोव्हेंबर
वास येतोय. म्हणजे प्रोसेस चालू. ही नाकाला पदर लावून भाकरी थापते. पाचट आणायला निघालो होतो, पण लासुर्ण्याच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर फार. उद्या.

१८ नोव्हेंबर, दुपार
ही जळोचीला लेकीकडे गेली. जाताना म्हणाली, "ह्यो वास हाय तवर मी हितं न्हाय."
हवापालट हवाच होता तिला. मलाही एकांत. चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता म्हटल्या. ऐकायला ढीग होता.

२२ नोव्हेंबर
चहात साखरेऐवजी मीठ पडलं. डबे तिनं मुद्दाम सारखे ठेवलेत. उद्या ढीग खालीवर करणार. नक्की.

२३ नोव्हेंबर
एक फावडं मारलं. कंबर धरली. ढिगाला विश्रांतीची गरज आहे.

२७ नोव्हेंबर
पाचट आणवलं, तेही दोन ट्रॉल्या. मिसळत बसलो नाही, वरून गोधडीसारखं जाड अंथरलं. वास जवळजवळ गेला! लेकीला, रेश्माला, फोन करून आईला निरोप द्यायला सांगितलं. उलट निरोप आला की वास गेला नसंल, दडला असंल. बाईमाणसाला शास्त्र कळत नाही.
रविराज म्हणतो, खत होताना ढीग आतून तापला पाहिजे. हात घातला. गार. थंडीच पडलीय तशी.

५ डिसेंबर, सकाळी ७
तापला! उगवतीच्या कोपऱ्यात पाचटात हात घातला तर छान ऊब. आत हालचालही लागली. बॅक्टेरिया इतक्या जोमानं काम करतात, कल्पना नव्हती. कान लावला तर बारीक कुंई कुंई. वाफ सुटत असणार. भरून आलं. ढिगाला एक कविता चालीवर म्हणून दाखवली. आवाज थांबला. ऐकत असावा.

८ डिसेंबर
रविराजला अभिमानानं ढीग दाखवला. त्यानं पाचट उचकटलं. आत गल्लीतली तांबडी कुत्री, चार पिल्लं पोटाशी. रविराज खाली बसून हसला. म्हणाला, खताला अजून सुरुवातच न्हाय तात्या, आधी ह्यांना हलवा, मग मिसळा. संध्याकाळी फोनवर रेश्मालाही हे सांगून बसलो. सांगायला नको होतं.

९ डिसेंबर
पहिल्या एसटीनं ही हजर! पिशवी ओट्यावर टाकून थेट परसात. शेवटी करमेना ना तिकडं, असं मी विचारलं.
"करमतंय की चांगलं. ह्या बाळंतिणीकडं कोण बघणार, तुमी?"
पदर नाकालाच होता. पिल्लांचे डोळे उघडून ती चालायला लागेपर्यंत ढिगाला हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली. म्हणजे संक्रांत गेली. मोगरा तसाच.
नंतर तिनं कुत्रीला दूध-भाकरी कुस्करून दिली. पातेल्यात दूध उरलं, त्याचा मला चहा. साखर बरोबर होती.