टाकीवरची घोंगडी

सगळ्यांत आधी मनकर्णाबाईच आली गं गोजरे, पोराची आत्या. बाकीचे अजून गल्लीच्या तोंडाशी गाडी लावत होते. आता राम राम घे. (राम राम आधी लिहायचा असतो, ठाऊक हाय, पण पोटात राहीना.) करमाडला सगळी खुशाल ना? तुझ्या घरच्यांचा गुडघा वळतो का? माझी तब्येत बरी हाय, अक्कल तेवढी आजारी हाय.

आपल्या रत्नमालेला पाहायला दौलताबादचे पाव्हणे येणार, हे तुला सांगितलंच होतं. (नात माझी, पण नाक तुझ्यावर गेलंय, त्याला मी काय करू.) तर नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, तेबी उपकार केल्यावानी. म्हणून गच्चीवर टाकी. टाकी पांढरी, पातळ, आरपार उजेड जातो. उजेड लागला की पाण्यात शेवाळ धरतं, असं रत्ना म्हणते. म्हणून तिनं ह्यांच्या मागं राहिलेली काळी घोंगडी टाकीला गुंडाळली होती. पाणी कसं काचेवानी! पण मी वर गेले आन् पेटले. आपण धनगर माणसं, घोंगडी म्हणजे बिरोबाचं आसन, पाव्हण्याला मानानं बसवायची वस्तू, आन् ती टाकीला? सोडली, झटकली, घडी घालून ट्रंकेत ठेवली. टाकी राहिली आठ दिवस भर उन्हात उघडी. रत्ना दवाखान्यात ड्यूटीला, तिला बोलले नाय. तिथंच चुकलं.

पाव्हणे आले, पाय धुवायला टाकीचा नळ सोडला, तर पाणी हिरवंगार! पोराचे वडील साहेबराव, त्यांच्या अंगठ्याला शेवाळ गुंडाळलं. त्यांना वाटलं जळू, अशी उडी मारली की टोपी एकीकडं, माणूस एकीकडं. मनकर्णाबाई म्हणती, "पोरगी सावळी हाय एवढं कळवलं होतं, पाणी हिरवं हाय हे नाय कळवलं!" धरणीनं पोटात घ्यावं वाटलं. (धरणी तरी कुठं, खाली फरशी.) घोंगडी अंथरलेली, पण तसले पाय घेऊन तिच्यावर बसतंय कोण? सगळे खुर्च्यांवर. चहाला कुणाची हिंमत झाली नाय.

तेवढ्यात रत्नानं ओढणी खोचली, घोंगडी उचलली. "आजे, हिची गरज वर हाय," म्हणली आन् गच्चीवर गेली. पाहायला आलेल्यांपुढं! पोरगा सुयश हसला आन् टाकी घासायला तिच्या मागं वर गेला. मनकर्णाबाई उठताना म्हणली, "पोरगी पसंत हाय. म्हातारीचा भरवसा नाय. परत येऊन पाणी पाहू, मग सुपारी फोडू."

लई वाईट वाटतंय गं. घोंगडीचा मान राखायला गेले आन् पोरीची सोयरीक टांगून ठेवली.

तुझी थोरली,
दगडाबाई

ता.क. सुयश टाकी घासताना गाणं म्हणत होता, मी जिन्यातून ऐकलं. लई बरं वाटलं.

आणखी एक. टाकीत नवं पाणी भरलंय, घोंगडी मीच सुतळीनं आवळून बांधली. आता पाव्हण्यांना बसवायला घरात घोंगडी नाय. तुझी पाठव. नाय म्हणू नको, नायतर मी पुन्हा वर जाऊन ती सोडीन, माझा मला भरवसा नाय. रविवारी येतो म्हणालेत.