चौदा कॅरेटची नथ

११ जानेवारी १९६३
हुकूम निघाला. चौदा कॅरेटच्या वरचा दागिना यापुढे घडवायचा नाही. अंगावर आहेत ते आहेत. पण जुना मोडून नवा केलात तर तोही चौदाचाच. वेंगुर्ल्याची सगळी सोनारआळी दुपारी महादूच्या दुकानात कपाळाला हात लावून बसली होती. महादू म्हणाला, "आता आमी काय घडवूचा? कोयते?"

मी एकटा शांत. कारण ते सगळे सोनार आहेत आणि मी डिझायनर आहे. बाविसाचं सोनं म्हणजे लोणी, त्यात कोणीही हात मारतो. चौदाचं सोनं कडक. तिथे खरा कारागीर लागतो. देशावर वेळ आली आहे तशी माझीही आली आहे, फक्त माझी चांगली.

सुगंधाने विचारलं, "मगे चुलीर काय ठेवूचा?" बायकोला कला समजावून सांगणं अवघड असतं.

संकल्प: रोज पहाटे उठून एक मॉडर्न डिझाईन. विडी कायमची बंद.

१२ जानेवारी
पहाट चुकली. विडी ओढली, पण अर्धीच. थंडी फार.

१६ जानेवारी
आतापर्यंत दोन डिझाइनं. एक शंखाचं, एक माडाच्या झावळीचं. झावळीचं सुगंधाला केरसुणी वाटलं.

डिझायनर हा शब्द माझा नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. गेल्या मे महिन्यात मुंबईची एक बाई माझ्या कुड्या बघून म्हणाली होती, "डिझाईन छान आहे हं." कुड्या घेतल्या नाहीत, पण म्हणाली. शिवाय बोटीवर नोकरीला असलेला भाई सांगतो की विलायतेत राणीसुद्धा चौदाच वापरते. भाईने राणी पाहिली कुठे, हे विचारायचं राहिलं.

धोंडू पेंटरला नवी पाटी सांगितली. "हरिश्चंद्र कारेकर, ज्वेलरी डिझायनर." बाबांची जुनी पाटी माळ्यावर टाकली.

२ फेब्रुवारी
पहिला प्रयोग. माझी अंगठी वितळवून, हिशोबाने तांबं-चांदी घालून चौदाचं सोनं केलं. रंग थोडा लालसर, पण मला आवडला. मग जंत्रीच्या भोकांतून तार ओढायला घेतली. तुटली. पुन्हा ओढली, पुन्हा तुटली. जंत्री सावंतवाडीहून आणलेली. तिथल्या लोकांना लाकडाच्या आंब्यापलीकडे काही जमत नाही.

महादू दारातून बघत होता. म्हणाला, "हरी, चौदाक सारख्या तापवूचा लागता. आणि जुन्या सवयीन काम करू नको, ह्या सोन्याची जात येगळी." मी मान हलवली. ज्या माणसाने बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, विझवून दुकानाच्या ओट्यावर चहाचा स्टोव्ह मांडला आहे, त्याने मला शिकवावं?

त्याचा चहा मात्र बरा असतो.

१८ फेब्रुवारी
ऑर्डर आली. जेटीवरचा होडीवाला लवू आला होता. त्याची लेक विमला, तिचं लग्न अक्षय्यतृतीयेला, नवरा वालावलचा. नथ पाहिजे. आळीतल्या सगळ्यांनी भीतीने नाही म्हटलं म्हणून तुझ्याकडे आलो, असं लवू म्हणाला. खरं कारण पाटी.

मांडवात वेंगुर्ल्यापासून वालावलपर्यंतच्या बायका असणार, आणि बायका नवरीच्या नाकाकडेच बघतात. ही नथ जमली की लग्नसराई माझी. नाही जमली तर बागेसरी विझवायची, हे मलाही कळतं. पण असला विचार मी करत नाही. तो सुगंधा करते.

२५ फेब्रुवारी
आजचा दिवस वाईट. लवूची आई सुभद्राकाकी सोनं घेऊन आली. तिच्या आईच्या पुतळ्या, जुन्या, हळदीसारख्या पिवळ्या. रीतीप्रमाणे सोनं आटेपर्यंत समोर बसायला पाट आणि पानाचा डबा सोबत घेऊनच आली. सोनारापुढे सोनं एकटं सोडायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. अपमानाची आहे, पण सगळ्यांचाच सारखा अपमान होतो म्हणून कोणाला वाटत नाही.

मी तराजूत पुतळ्या घातल्या. मग दुसरीकडे तांबं तोलायला घेतलं. काकी पान चघळायची थांबली.

"ह्या काय?"

मी हुकूम समजावला. जवळजवळ निम्म्याला निम्मं घालावं लागतं, हेही सांगितलं. खोटं बोलणं माझ्या नावाला शोभत नाही. काकी शांतपणे म्हणाली, "आदी सोनार तांबा घालीत ते लपान. तू माझ्या डोळ्यांसमोर घालतंस."

"सरकारचा हुकूम आहे काकी."

"मगे सरकाराक सांग, तेच्या आवशीच्या सोन्यात घाल."

पुतळ्या उचलून तिने ओच्यात बांधल्या. मी चौदा कॅरेटच्या भविष्यावर थोडं बोललो. दारात थांबून तिने एवढं कबूल केलं: "तुझ्याच घरातल्या सोन्याची नथ करून दाखय. पाडव्याक येतंय. बरी दिसली तर बगू."

म्हणजे ऑर्डर गेलेली नाही. उलट आता हे चॅलेंज झालं.

३ मार्च
अंगठीचं सोनं प्रयोगांत खराब झालं. आता घरातलं सोनं म्हणजे सुगंधाची नथ.

ती मी आमच्या लग्नात घडवली होती. बाबांनी हातात घेऊन उजेडात धरली, उलटसुलट फिरवली आणि काही न बोलता परत दिली. बाबा बोलले नाहीत म्हणजे काम उत्तम होतं. पण जुन्या पद्धतीचं. मोडून मॉडर्न करायला हरकत नाही.

सुगंधाला विचारलं. ती भांडी घासत होती. राखेचे हात तसेच ठेवून म्हणाली, "तुमीच दिली होतीत. तुमकाच होयी तर घेवन जावा." किती समजूतदार. तिलाही चौदावर विश्वास बसू लागला आहे.

१२ मार्च
नथ आटवली. मोती काढून वाटीत ठेवले. सोनं थोडं कमी पडलं, म्हणून सुगंधाची नाकातली रोजची चमकीही मुशीत घातली. उगाच बाहेरून कशाला आणा. मूस तापून सोनं फिरायला लागलं तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. बघायला बोलावलं. आली नाही, कामात असेल.

नाकात तिने केरसुणीची काडी घातली आहे, भोक बुजू नये म्हणून. चार दिवसांचा प्रश्न आहे.

२० मार्च
काम फर्स्ट क्लास. तार या वेळी फक्त एकदा तुटली. (सारखी तापवत गेलो. ही माझी स्वतःची युक्ती.) लाटेचा आकार दिला आहे, मोती बसतील त्याखाली बारीक जाळी. या डिझाइनला नाव देणार आहे: सागरलहरी. पाडव्यापर्यंत फक्त जोड द्यायचे बाकी. जोड देणं म्हणजे मला डोळे मिटून जमण्यासारखी गोष्ट.

विड्या वाढल्या आहेत, पण कामाच्या ताणात चालतं.

२५ मार्च
नथ गेली.

काय झालं ते लिहितो. शेवटचा जोड. डबीतली डाक, म्हणजे जोडासाठी वितळवायचा धातू, घेतली, सवागीचा खार लावला, फुंकणीने जाळ दिला. डाक पाघळायची वाट बघत होतो. डाक तशीच. अजून जाळ दिला. तेवढ्यात जाळी आधी चमकली, मग खाली बसली, आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळी नथ गोळा होऊन वाटाण्याएवढी गोळी झाली.

कारणं: कोळसा ओला. खाऱ्या वाऱ्याची झुळूक. ऐन वेळी सुगंधाने चहा पाहिजे काय म्हणून विचारलं.

२६ मार्च
पाडवा. सुभद्राकाकी आली. मी सांगितलं, काम अजून प्रोसेसमध्ये आहे. तिने बागेसरीकडे बघितलं, मग चिमट्याजवळच्या गोळीकडे बघितलं. जाताना सुगंधाच्या नाकाकडे बघितलं आणि तिच्या हातात गाठ्यांची माळ दिली. आमच्याकडे या वेळी गाठी आणली नव्हती.

२९ मार्च
महादूकडे चहाला गेलो. बोलण्याच्या ओघात गोळीची गोष्ट निघाली. मी ती दुसऱ्याच एका सोनाराची म्हणून सांगितली.

महादू म्हणाला, "डाक खंयची वापरल्यान? डबीतली जुनी?"

मी म्हटलं, असेल.

"मगे अंग पयला वितळतला नाय तर काय? ती डाक बाविसाच्या कामाची. चौदाच्या आदी ती कशी पाघळतली? चौदाक येगळी डाक करूची लागता." मग कप विसळत, माझ्याकडे न बघता, "आमी सगळेच ह्या चुकलो असतो रे. हात सवयीन त्याच डबीकडे जाता."

वीस वर्षं माझा हात त्या डबीकडे जातो आहे. बाबांची डबी.

घरी येताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या दिवशी मीच लिहिली होती, पण दुसऱ्यांना लागू होते असं वाटत होतं. सुगंधाची नथ बाविसाची होती. न मोडता ठेवली असती तर मरेपर्यंत तिच्या नाकात राहिली असती आणि कोणी विचारलं नसतं. आता मी कितीही चांगला सोनार असलो तरी तशी परत करू शकत नाही. कायद्यानेही नाही आणि एरवीही नाही.

विडीचा हिशोब ठेवणं बंद.

११ एप्रिल
गोळी पुन्हा ठोकून बघितली. कडेला चिरली. डाकेची भेसळ झाली आहे. लवूला निरोप पाठवला की डिझायनरला घाई करता येत नाही. लवूचा निरोप आला की घाई नाही, नथीची सोय झाली.

२६ एप्रिल
लवूच्या लेकीचं लग्न. मी गेलो. सुगंधा आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. विमलाच्या नाकात मालवणच्या मावशीची नथ, चार दिवसांच्या बोलीने आणलेली. जुनी फॅशन. गळ्यात आजीच्या पुतळ्या, जशाच्या तशा ओवलेल्या, न मोडलेल्या. त्यांचा पिवळा रंग मांडवाच्या त्या टोकापासून दिसत होता. सुंदर दिसत होत्या, हे इथे लिहायला हरकत नाही.

सुभद्राकाकीने भर पंगतीत विचारलं, "सुगंधा खंय?"

मी म्हटलं, डोकं दुखतं.

काकी म्हणाली, "डोक्या दुखता काय नाक?"

पंगत हसली. मीही हसलो. वडे पानात तसेच ठेवले, तेल बरं नसावं.

घरी आलो तेव्हा सुगंधा ओसरीवर बसली होती. तिने लग्नाचं लुगडं नेसलेलं होतं. म्हणजे यायला निघाली होती. मग बहुधा आरशात बघितलं असेल. काडीचं टोक दिसतं, जवळून बघितलं की. मी तिला जेवण कसं होतं ते सांगितलं.

१९ मे
पावसाळ्याची बेगमी. तांदूळ, सुके बांगडे, मीठ, लाकडं. या हंगामात बागेसरी पेटली ती फक्त माझ्या प्रयोगांसाठी, त्यामुळे गोळी आणि वाटीतले मोती दोन्ही विकावे लागले. तात्पुरतं आहे. मोती असे कुठेही मिळतात.

तांदूळ सुगंधाने स्वतः मापून घेतला. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. डिझाइनचा विचार करत होतो.

नाही. डिझाइनचा विचार करत नव्हतो. मी तिच्या नाकातलं सोनं कणगीत भरत होतो, आणि ती ते डोळ्यांनी मोजत होती. एवढं एक खरं लिहून ठेवतो.

९ जून
बऱ्याच दिवसांनी काम. खालच्या वाडीत मथुराच्या नातवाचे कान टोचायला बोलावलं. कायदा काहीही म्हणो, कान टोचायला सोनारच लागतो. तिथे कॅरेट विचारत नाहीत. पोर एकदाच रडलं. माझा हात अजून हलका आहे, सगळ्यांनी म्हटलं. नारळ, शिधा आणि मान मिळाला. डोक्यात प्लॅन तयार झाला आहे: गावोगाव फिरून टोचणी. वेंगुर्ले, वालावल, पुढे सावंतवाडी. सिस्टिमने केलं तर यात मोठं फील्ड आहे.

उत्साहात घरी आलो. सुगंधा दारात सूप घेऊन शिध्यातले तांदूळ पाखडत होती. उजेडात बघितलं तर तिच्या नाकात काडी नाही. विचारलं. म्हणाली, गेल्या आठवड्यात आंघोळीला पडली, मग नाही घातली. भोक बुजलं.

मला एकदम काहीतरी करावंसं वाटलं. सुई हातात होतीच. तेलात बुडवली, तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, अशीच बस, आत्ता टोचतो, कळणारसुद्धा नाही. माझ्या हाताचा विश्वास धर.

तिने सूप खाली ठेवलं नाही. रागावली पण नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "टोचशात ओ तुमी. पण त्यात घालूचा काय?"

मी सुई पुसून ठेवली.