वेगाचा पर्याय

शुक्रवार, संध्याकाळ. यवतमाळ.

मीनलच्या प्रोजेक्टचे आकडे आज चुकले, अन् चूक माझी आहे. बोंडअळीवर फवारणी कधी करायची हे सांगणारा तिचा प्रोग्राम हळू चालायचा. कॉलेज सोडलेल्या मला तिच्यासमोर मिरवायचं होतं. न विचारता, प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला वेगाचा पर्याय लावून दिला. त्यात तो दशांशांच्या बेरजेचा क्रम मशीनच्या सोयीने बदलतो, हे ठाऊक असूनही. माझ्या नव्या मशीनवर उत्तर आलं, ‘फवारा’. तेच तिने अहवालात छापलं. आज तिच्या सरांसमोर कॉलेजच्या जुन्या मशीनवर पुन्हा कंपाइल केलं तर आलं, ‘थांबा’. बेरीज मर्यादेच्या अगदी काठावर होती, शेवटच्या दशांशाच्या फरकाने उत्तर उलटलं.

सर म्हणाले, “आकडे घरी बसून बनवले काय?”

मी दाराबाहेर ऐकत होतो, आत गेलो नाही. माझं नाव तरी घ्यायचं होतं तिनं. घेतलं नाही.

बसस्टँडवर तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, रडेल, नाहीतर माफ करेल.

“मले कायले सांगतं? सरले सांग.”

त्याच सरांच्या अंगावर धावून जाऊन मी कॉलेज सोडलं, हे तिला माहीत आहे. तरी म्हणाली.

उद्या दहाला त्यांच्या केबिनमध्ये जाईन. आवाज चढवायचा नाही.