आटलेल्या झऱ्याच्या एकोणतीस वह्या

मी, एर्लिंडा कोरीस, वय एकाहत्तर, न्यू मेक्सिकोतल्या आमच्या पुएब्लोची, म्हणजे आदिवासी गावाची, रहिवासी, जमातीची निवृत्त जलअधिकारी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे मात्र नाहीत. राग आहे, पण तो आजार नव्हे असे डॉक्टरांनीच सांगितले आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून केलेले नाही. सांगण्यावरून मी कधीच काही केले नाही.

१. घराखालची जमीन पुएब्लोची आहे, ती मी कोणाला देऊ शकत नाही. घर आणि आतले सर्व काही भाची रोझेन हिला. मातीच्या भिंती दरवर्षी लिंपाव्यात. सिमेंट लावल्यास माझा शाप.

२. पाण्याचा वेग मोजायचे यंत्र आणि रबरी बूट जमातीच्या जलकार्यालयाला.

३. एकोणतीस वह्याही कार्यालयालाच. विद्यापीठाच्या कोणत्याही प्राध्यापकाला त्या घरी नेऊ देऊ नयेत; एकाने माझे आकडे स्वतःच्या नावावर छापले होते.

या वह्यांत टेकडीखालच्या झऱ्याची दर सोमवारची मापे आहेत. वरच्या शहराच्या पाणी कंपनीने गोल्फच्या हिरवळीसाठी खोल विहिरी खणल्या, तेव्हापासून आकडे उतरत गेलेले कोणालाही दिसतील. जमातीने खटला भरला, तेव्हा कोर्टात कंपनीच्या वकिलाने विचारले, "बाई, सगळं पेन्सिलीने का लिहिलंय? खोडता यावं म्हणून?"

मी म्हटले, "जानेवारीत पेनातली शाई गोठते. तुम्ही जानेवारीत झऱ्यावर कधी आलात?"

न्यायाधीशांनी वह्या पुरावा म्हणून घेतल्या. आम्ही जिंकत होतो.

४. माझा धाकटा भाऊ लिओपोल्ड त्या वर्षी जमातीच्या मंडळावर होता. कंपनीने तडजोड पुढे केली: खटला मागे घ्या, गावाला नळ देतो. पाच विरुद्ध चार मतांनी ती मंजूर झाली. पाचवे मत त्याचे. संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात आला.

"ताई, नळ येतोय ना दारात. झऱ्याचं काय घेऊन बसलीस?"

"नळात पाणी कुठून येणार रे? ज्या विहिरींनी झरा प्यायला, त्यांतूनच ना?"

"एकवीस वर्षं खटला चालला. माणसं मेली वाट बघून. कधीतरी सही करावीच लागते."

"मग या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

त्याने टाकले नाही. अकरा वर्षे झाली. झरा तडजोडीनंतर तिसऱ्या उन्हाळ्यात आटला. यंदा जुलैत नळही पंधरा दिवस कोरडे होते. टँकरच्या रांगेत तो माझ्यापुढे होता. मला पाहून त्याने टोपी काढली आणि बाजूला सरकून जागा दिली. मी गेले नाही. बादली घेऊन त्याच्या मागेच उभी राहिले.

५. लिओपोल्डला माझी एकही वस्तू मिळणार नाही. एक काम मिळेल. दर सोमवारी त्याने झऱ्यावर चालत जावे, माप घ्यावे आणि नव्या वहीत लिहावे. शून्य असेल तर शून्य. गुडघे दुखतात ही सबब चालणार नाही. माझेही दुखत होते. मी त्याला माफ केलेले नाही.

साक्षीदार डेल्बर्ट हे वाचून म्हणाला, "बाई, हे कलम कायद्यात बसत नाही."

मी म्हटले, "बसत नसेल तर उभं राहू दे."

सही: एर्लिंडा कोरीस
साक्षीदार: डेल्बर्ट चिनाना, जलकार्यालय; व्हर्ना लेंटे, शेजारीण
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९, सोमवार