दहाव्याच्या दिवशीचे दोन थेंब

फाल्गुन वद्य अष्टमी, शनिवार. मंगरूळपीर.

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याची माफी मागतो. रोजनिशी चुकवत नाही. तिच्यात हवा, अशील, मुलीचा ताप, सगळं येतं. एका गोष्टीजवळ आलो की मात्र लेखणी खाली ठेवतो. आज सकाळी दाढी झाल्यावर कोनाड्यातून तुमची वासाच्या पाण्याची बाटली काढली. तळाशी बोटभर उरलं आहे. गालाला लावलं की आधी झोंबतं, मग दवण्याचा हिरवा, किंचित कडू गारवा येतो, आणि तो ओसरला की लाकूड: चंदन कमी, देवदार जास्त, नुकताच रंधा मारलेल्या फळीसारखं कोरडं. शेवटी दुपारपर्यंत वाळा तेवढा टिकतो. आज मला देवदार लागलाच नाही. तो बाटलीतून उडाला की माझ्या नाकातून, हे ठरवता येईना. बायकोला वास घ्यायला दिला. ती म्हणाली, ‘‘तोच तर हाय. तुम्हाला परत्येक गोष्टीची शंका काहून येते?’’ शंका बाटलीची नव्हती.

कामरगावचा आपला ओटा आठवतो. रविवार, सकाळचं ऊन पायरीपर्यंत आलेलं, तुम्ही पाटावर मांडी घालून बसलेले आणि समोर आपला न्हावी, दोन गुडघ्यांवर. शाळेत तुम्ही पुस्तकातलं बोलता, त्याच्यापुढे मात्र घरचं. तो वस्तरा चामड्यावर घासतो आणि म्हणतो, ‘‘मास्तर, हासू नोका. नाक कापलं गेलं तं गाव म्हनन, मास्तरनं काय केलं असन बाप्पा!’’ तुम्ही म्हणता, ‘‘तुह्या वस्तऱ्यानं लोणी तरी कापते काय?’’ दाढी झाली की तो तुरटीचा खडा फिरवतो, हत्यारांच्या धोपटीतून बाटली काढतो, तळहातावर दोन थेंब घेऊन हात चोळतो आणि तुमच्या गालांवर दाबून धरतो. ते पाणी तो स्वतः करायचा. इथल्या दर्ग्याच्या उरुसात अत्तरवाल्याकडून चंदनाचा भुगा, देवदाराच्या ढलप्या आणि वाळा आणायचा, दवणा आपल्या परसातला, आणि सगळं दवाखान्यातून मागून आणलेल्या स्पिरिटमध्ये महिनाभर मुरवायचा. एक बाटली तुमच्या कोनाड्यात, एक त्याच्या धोपटीत. दुसऱ्या कुणाच्या गालाला ते लावलेलं मी पाहिलं नाही.

नागपूरला कॉलेजात असताना मी तुमच्यासाठी एक विलायती बाटली आणली होती, दाढीनंतर लावायची. (आता लढाईमुळे तसल्या बाटल्या येतही नाहीत.) माझं मन राखायला तुम्ही ती एकदा लावलीत. मग म्हणालात, ‘‘चांगली आहे. पण हा वास माणसाच्या आधी दारातून आत शिरतो. वास असा असावा की जवळ येणाऱ्यालाच कळावा.’’ मला ते टोचलं होतं. पुढे त्या वाक्याचा दाखला मला फार वाईट तऱ्हेने मिळाला.

तुमचा दहावा दिवस. नदीकाठी काका, भावकी, गावातली चार माणसं. मी तेहतीस वर्षांचा, वकिलीची पाटी लावलेला, आणि दहा दिवसांत मला एकदाही रडू आलेलं नाही. सगळ्यांपासून जरा लांब, दगडावर बसवून न्हावी माझं डोकं आणि मिशी काढतो आहे. त्याच्या उघड्या धोपटीत ती बाटली दिसते. मी म्हणतो, ‘‘थोडं लाव.’’ तो दचकतो. ‘‘सुतक हाय भाऊ. सुतकात वास नाई लावत.’’ मी म्हणतो, ‘‘कोणाले समजते? लाव मी म्हणतो तर.’’ तो मान वळवून काकांकडे बघून घेतो. ‘‘मास्तरचंच हाय म्हना. मास्तर काय रागावतीन?’’ आणि दोन थेंब चोळून तो हात माझ्या गालांवर धरतो, तुमच्या गालांवर धरायचा तसाच. तेव्हा मला रडू आलं, बाबा.

मला रडताना पाहून काका धावत आले. त्यांनी मला पोटाशी धरलं. जवळ येणाऱ्यालाच कळणारा वास, तो त्यांना कळला. ‘‘हा वास कायचा?’’ मग न्हाव्याकडे वळून, ‘‘अबे, माह्या भावाचा पिंड पडाचा हाय, अन् तू पोराले अत्तर लावून राह्यला? अक्कल कुठी ठेवली?’’ न्हाव्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मान खाली घातली. तो म्हणाला, ‘‘चुकलं मालक. वीस वर्साची सवय हाताले. हात गेला.’’

त्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, खाली उतरत नव्हते. काकांचं ‘पोरांचं मी बघतो’ म्हणून झालं, ‘घर सांभाळतो’ म्हणून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला, आणि सगळ्यांनी न्हाव्याकडे पाहिलं. त्यानंतर काकांनी त्याला दारात येऊ दिलं नाही. भावकीनेही तेच केलं. आपल्याकडच्या लग्नांत नवरदेवाची दाढी करायचा मान पिढ्यान् पिढ्या त्याच्या घरचा होता. तो दुसऱ्या गावच्या माणसाला गेला. माझ्या चुलतभावाच्या लग्नात आपला न्हावी मांडवाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभा होता. मी पाहिलं आणि पंगतीला जाऊन बसलो.

कावळा का शिवला नाही, याचा विचार मी अजून करतो. मी शिकलेला माणूस, कावळ्याला माणसांची भीती वाटली असेल असं स्वतःला समजावतो. तरी वाटतं, तुम्ही रागावला असाल तर त्या दोन थेंबांसाठी नसेल. मी मान खाली घातली त्यासाठी असेल. कोर्टात साक्षीदाराला मी दरडावून विचारतो, ‘‘खरं सांगायला इतका वेळ का लावलास?’’ आणि विचारताना माझ्याच गालाला त्या माणसाने केलेल्या पाण्याचा वास असतो.

परवा कामरगावचा एक अशील आला होता. निघताना सहज म्हणाला, ‘‘तुमचा तो जुना न्हावी आता खाटीवरच हाय साहेब. डोये गेले त्याचे, काई दिसत नाई. मले इचारे, मास्तरचा पोरगा काय करून राह्यला म्हने.’’ मी विचारलं, आणखी काय म्हणाला? ‘‘काई नाई. बरा हाय ना, एवढंच.’’ तो उद्याच गेला तर? तोंड उघडण्याआधी मी पुन्हा मान खाली घातली तर? काका सत्तरीचे झाले, पण सगळी भावकी अजून त्यांच्या शब्दात आहे. न्हाव्याच्या खाटेशी बसून हळूच माफी मागणं सोपं आहे. तो म्हणेल, ‘‘जाऊ द्या भाऊ,’’ आणि मी सुटल्यासारखा परत येईन. त्याच्यावरचा ठपका मात्र तसाच राहील. बोल काकांनी चारचौघांत लावला. तो चारचौघांतच, काकांच्या तोंडावर काढायला हवा. मग त्यांचा हात धरून त्यांना त्याच्या दारी नेता आलं तर न्यायचं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, रोजनिशीत ठेवतो. एक मात्र कबूल करतो. सकाळी कामरगावला जायची पिशवी भरली तेव्हा धोतराच्या घडीत मी ही बाटली ठेवली होती. तो अजून बोलतो आहे तोवर दवणा किती, देवदार किती, हे विचारून घ्यावं, असं मनात होतं. अकरा वर्षांनी त्याच्याकडे निघालो तेही काही मागायलाच. आत्ता बाटली काढून पुन्हा कोनाड्यात ठेवली. संपेल तेव्हा संपेल.

उद्याचं काम: पहिल्या मोटारीने कामरगाव, आणि आधी काकांच्या ओट्यावर.