टेकडीवर काढलेला ओढा

ती. आत्याच्या चरणी वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून लाजायचं कारण पडलं नाही.) आपली प्रकृती उत्तम असावी, गुडघे आपल्या आज्ञेत असावेत आणि शिलाई मशीनचा पट्टा पुन्हा तुटलेला नसावा, अशी आशा करतो. इथवर 'आपण' लिहून झालं. आता 'तू'वर येतो, नाहीतर तुला वाटेल की मी काहीतरी लपवतोय. माझं सगळं ठीक आहे. पोट ठीक, झोप ठीक, बुटांचे तळवे सोडून सगळं ठीक. तुझ्या डोळ्यांचं काय? सुईत दोरा ओवताना अजून त्रास होतो का? तुझं ते भिंग सापडलं का? (नसेल सापडलं तर शोधण्यात फार वेळ घालवू नकोस.) आणि शेजारच्या काकूंशी बोलणं सुरू झालं, की अजून त्यांना बघितल्यावर तू मशीन जोरात चालवतेस?

मागे फोनवर तू म्हणालीस की तुझं काम काय ते एकदा नीट लिहून कळव, लोक विचारतात. लोकांना तू काय सांगून ठेवलं आहेस ते मला माहीत आहे. माझा भाचा आकाशातून सगळं बघतो, असं तू गिऱ्हाइकांना सांगतेस, आणि तेव्हापासून बायका माप द्यायला उभ्या राहण्याआधी खिडकीचा पडदा ओढून घेतात. त्यांना म्हणावं, पडदे उघडा, वारा येऊ दे. उपग्रहाच्या आमच्या चित्रात माणूस दिसतच नाही, आख्खं घर म्हणजे एक ठिपका. काम असं आहे की उपग्रह वरून जाता जाता चित्रं पाठवतो, विमानातून त्याहून जवळचे फोटो काढलेले असतात, आणि ही दोन्ही टेबलावर मांडून आम्ही खेड्यापाड्यांचे नकाशे करतो. पाणी कुठे, रान कुठे, चांगली माती कुठे, गुरांना चरायला जागा कुठे, नुसता खडक कुठे. त्या उपग्रहाच्या चित्रात हिरवी झाडं लाल दिसतात. (का, ते विचारू नकोस. मी साहेबांना विचारलं होतं. त्यांनी पाऊण तास समजावलं आणि झाडं लाल ती लालच राहिली.) भर उन्हाळ्यात जिथे लाल डाग टिकून राहतो, तिथे जमिनीखाली ओल असायचा संभव. एवढं समजलं की माझं निम्मं काम तुला आलंच म्हणून समज.

तर नोकरीत कायम करायच्या आधी आमच्याकडे प्रत्येकाला एक नकाशा एकट्याने करावा लागतो. मला जे गाव मिळालं तिथे तीन बाजूंना टेकड्या आणि पाण्याच्या नावाने बोंब. बायका सकाळी हंडे घेऊन निघतात ते दुपारी परत येतात. गावाला एकच बोअर मंजूर झाली होती. ती कोरडी गेली तर पुढची दहा वर्षं कोणी दारात उभं करणार नाही, आणि ती कुठे घ्यायची ते माझ्या नकाशावरून ठरणार होतं. एवढी जबाबदारी अंगावर पडल्यावर शहाण्या माणसाने दोन वेळा तपासून घेतलं असतं. मी काय केलं, तर पेन्सिलीला टोक केलं, टाय लावला (हो, टाय, तू शिवलेला) आणि एका दिवसात नकाशा उरकला. संगणकात टेकड्यांच्या उंचीचे आकडे होते. पण ते उघडायला शेजारच्या विभागात अर्ज द्यावा लागतो, आणि मी म्हटलं, माझे डोळे काय फुटलेत? विमानातला फोटो समोर ठेवला. नकाशात उत्तर वरच्या बाजूला असते, म्हणून फोटोचीही उत्तर अगदी काटेकोरपणे वर केली. बघतो तर काय, गावाच्या मागे छान खोलगट दरी आणि तिच्या तळातून वळणं घेत गेलेला ओढ्याचा पांढरा पट्टा! त्या ओढ्याच्या काठावर मी बोअरची फुली मारली. दरीच्या बाजूला एक उंचवटा दिसत होता, त्यावर उपग्रहाच्या चित्रातला एक बारीकसा लाल डाग येत होता. टेकडीवरची झुडपं असतील, असं म्हणून मी तो खोडून टाकला. साहेबांनी सही केली. बोअरच्या गाडीची तारीख ठरली.

गाडी येण्याच्या दोन दिवस आधी जागेवर जाऊन खूण करायची असते, म्हणून मी गावात गेलो. माझ्या हातात जागा दाखवणारं यंत्र, बगलेत नकाशाची गुंडाळी. गावप्रमुख बाईंनी चहा दिला, खुर्ची दिली, आणि मी उठल्यावर अख्खा गाव माझ्यामागे निघाला. पुढे मी, मागे प्रमुख बाई, त्यांच्यामागे पंचवीस-तीस बायका, आणि सगळ्यात शेवटी एक म्हातारी मेंढपाळ बाई आपल्या मेंढ्यांसकट. (मेंढ्यांना पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. सगळे निघाले म्हणून त्या निघाल्या.) यंत्र म्हणालं, सरळ जा. मी गेलो. जमीन चढायला लागली. मी मनात म्हटलं, दरीत उतरायच्या आधी थोडा चढ असतोच. आणखी चढलो. यंत्र म्हणालं, ओढा दोनशे पावलांवर. तोपर्यंत टाय सैल झाला होता, तो काढून खिशात गेला. ओढा शंभर पावलांवर. मी दोन्ही हात टेकून दगडांवरून चढत होतो. गावातलं एकही माणूस अवाक्षर बोललं नाही. आकाशातून बघून आलेल्या साहेबाला सांगायचं कोणी, की बाबा रे, वर काही नाही? शेवटी यंत्र म्हणालं, पोहोचलात. मी डोकं वर केलं. आत्या, मी त्या टेकडीच्या अगदी माथ्यावर उभा होतो. चारही बाजूंना खाली दिसेल एवढ्या माथ्यावर. पायाखाली मेंढ्यांनी तुडवून पांढरी पडलेली पायवाट होती. हाच माझा ओढा.

कोणी हसलं नाही, याचंच मला रडू आलं. मेंढपाळ बाई तेवढी जवळ आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "साहेब, इथवर पाणी चढवायची काही युक्ती असेल तर आम्हाला पण शिकवा." टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटलं होतं की असेल एखादी युक्ती. मागे त्या बायका हंडे खाली ठेवून बसल्या होत्या. (हंडे त्या सवयीनेच घेऊन आल्या होत्या.) दोन दिवसांनी बोअरची गाडी इथे आली असती, खडक फोडून धूळ काढून गेली असती, आणि मी ऑफिसात बसून पुढच्या गावाचा नकाशा करत राहिलो असतो.

मी एका दगडावर बसलो. पिशवीतून फोटो काढला, खिशातून भिंग काढलं (भिंगाबद्दल पुढे येईलच), आणि बघायला लागलो. फोटोवर माझ्याच हाताची सावली पडली. आणि आत्या, मला तू आठवलीस. लहानपणी तुझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसून मी अभ्यास करायचो, वहीवर हाताची सावली पाडून. तू शिवता शिवता एक पाय लांब करायचीस आणि मला स्टुलासकट फिरवायचीस. "आधी उजेड कुठून येतो ते बघ, मग काम हातात घे." किती वेळा? हजार वेळा? काळ्या कापडावर काळा दोरा घालायच्या आधी तू स्वतः तेच करायचीस. मी त्या दगडावर बसल्या बसल्या फोटोतल्या सावल्या बघितल्या. हिवाळ्यातला सकाळचा फोटो, ऊन दक्षिणेकडून. मी उत्तर वर धरल्यामुळे उजेड खालून येत होता आणि सावल्या वरच्या बाजूला पडल्या होत्या. डोळ्याला उजेड वरून यायची सवय असते. खालून आला की तो फसतो, त्याला टेकडी खड्डा दिसते आणि खड्डा टेकडी. आमच्या कामात ही चूक पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी त्या तासाला टायची गाठ नीट करत होतो. मी फोटो गर्रकन फिरवला. आणि डोळ्यांदेखत माझी दरी फुगून टेकडी झाली, आणि ज्याला मी उंचवटा म्हटलं होतं ती जागा खाली खोल गेली. उपग्रहाच्या चित्रातला लाल डाग, मी खोडलेला, तो इथलाच. फोटोत त्या जागेवर भिंग धरलं तर चहूबाजूंनी केसाएवढ्या बारीक रेषा येऊन तिथेच मिळत होत्या. मेंढपाळ बाईला फोटो दाखवला. तिने भिंगातून एक डोळा लावून बघितलं आणि म्हणाली, ह्या तर माझ्या मेंढ्यांच्या वाटा, उन्हाळ्यात दुपारी त्या तिथेच जाऊन बसतात, तिथली जमीन गार असते. मी विचारलं, मग हे आधी कोणाला सांगितलं का नाही? ती म्हणाली, "कोणी विचारलंच नाही." आम्ही सगळे पुन्हा खाली उतरलो, सगळ्यात पुढे मेंढ्या.

आता साहेबांना सांगायची वेळ आली. नकाशावर त्यांची सही, माझी नोकरी कच्ची. तरी फोन लावला. सांगितलं सगळं, टायसकट. साहेब म्हणाले की मी तुमच्या वयाचा असताना एका डोंगराच्या माथ्यावर तलाव काढला होता आणि त्यात मासेमारीची शिफारस केली होती. नवीन जागा पाठवा, लगेच. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. बोअरची गाडी नव्या जागेवर गेली. पहिला दिवस नुसती धूळ. मी डबा न उघडता तिथेच उभा होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी चिखल आला, मग पाणी. फार उंच उडालं वगैरे नाही, पण दिवसभर पंप चालवला तरी आटलं नाही. प्रमुख बाईंनी पहिला हंडा भरून मेंढपाळ बाईच्या डोक्यावर दिला, आणि ती मला म्हणाली, तुमच्या आत्याबाईंना सांगा, त्यांनी तुम्हाला नीट बसायला शिकवलं. (तुझी सगळी गोष्ट मी तिला सांगितली होती. मेंढ्याही ऐकत होत्या.) मी कायम झालो, त्याचा कागद आला. पण खरं सांगतो, त्या कागदापेक्षा तिचं ते वाक्य मला जास्त वाटलं. आई गेल्यावर तू मला शेजारी बसवून घेतलंस, मशीनच्या खडखडाटात वाढवलंस, आणि मी कधी तोंडाने 'तुझ्यामुळे' असं म्हटलं नाही. आज लिहून देतो. तुझ्यामुळे.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना शेक दे, रागाने मशीन चालवू नकोस.

तुझा,
आकाशातून काहीही न दिसणारा भाचा

ता. क. : आमच्या खात्याच्या मासिकात बोअरची बातमी आली आहे. सोबत माझा मोठा फोटो आहे, हातात भिंग धरलेला. ऑफिसच्या कागदांवर माझा कायमचा पत्ता म्हणून तुझंच घर आहे, त्यामुळे मासिक तुझ्याकडे येईल. हे पत्र त्याआधी पोहोचावं म्हणून जास्तीचं तिकीट लावलं आहे. मासिक आधी आलं असेल तर कृपा करून हे वाचेपर्यंत ते उघडू नकोस.

पुन्हा ता. क. : उघडलंच असेल. त्या भिंगाची कडा पितळेची आहे आणि मुठीला तू गुंडाळलेला लाल दोरा आहे, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. नोकरीवर निघालो त्या दिवशी तू माझी बॅग भरत होतीस आणि मी ते तुझ्या खणातून घेतलं. आठ दिवसांत परत करणार होतो. त्या आधीच तू फोनवर म्हणालीस की काकू कात्री मागून घेऊन गेल्या आणि जाताना भिंगही उचललं. तेव्हा मी तुला खरं सांगितलं नाही, आणि त्यानंतर दीड वर्षात रोज ते जास्तच अवघड होत गेलं. नवं भिंग, दिवा लावलेलं, वेगळ्या पार्सलने पाठवतो आहे. जुनं माझ्याकडे राहू दे. अजून सात गावं आहेत.

शेवटचं ता. क. : काकूंनी मला ते घेताना खिडकीतून बघितलं होतं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांनी मान डोलावली, एवढंच. मागच्या खेपेला त्या कोपऱ्यावर भेटल्या तेव्हा मी विचारलं, आत्या एवढं बोलली तरी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? त्या म्हणाल्या, "माझ्यावर रागावून ती जेवते रे. तुझ्यावर रागावली असती तर जेवली नसती." आत्या, आज संध्याकाळीच जा. भिंगाचं काही काढायला जमलं नाही तर नुसतं कात्री मागायला आले म्हण. ती त्यांच्याकडेच आहे. दर महिन्याला तेल लावून ठेवतात.